अर्धा किलो चिकन, लोखंडी तवा, चाळीस मिनिटं: पीस आतपर्यंत चवदार कसे करायचे?

ओली_हळद

नमस्कार. दोन माणसांपुरतं अर्धा किलो ब्रॉयलर चिकन, साल काढलेलं, करी कट. कांदा-खोबरं भाजून वाटण करायला कामाच्या दिवशी वेळ मिळत नाही. म्हणून आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ लावायचं आणि तव्यावर परतायचं, एवढंच करते. तीन गोष्टी हमखास बिघडतात:

१. तव्यावर टाकलं की दोन मिनिटांत पाणी सुटतं. पीस खरपूस व्हायच्या ऐवजी उकडल्यासारखे पांढरट होतात.
२. मसाला वरवर राहतो. तुकडा तोडला की आत अळणी.
३. तंगडी शिजेपर्यंत छातीच्या तुकड्यांचा चोथा होतो.

घरी गॅस, लोखंडी तवा, जाड बुडाचं पातेलं आणि मिक्सर आहे. ओव्हन नाही. संध्याकाळी हातात चाळीसेक मिनिटं असतात. नेमकी मापं आणि वेळ सांगितली तर फार बरं होईल.

---

खरपूस_कडा

तिन्ही तक्रारी पाणी आणि मीठ या दोन गोष्टींपाशी येतात. मसाल्याचं नंतर बघू.

मीठ कधी लावता? मीठ लागलं की आधी मांसातलं पाणी बाहेर येतं, दहा-पंधरा मिनिटांत पीस ओलेचिंब दिसतात. तेच खारं पाणी पुढे हळूहळू परत आत मुरतं, आणि त्याला निदान पाऊण तास लागतो. बहुतेक जण मीठ-मसाला लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवतात, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त बाहेर असतं नेमक्या त्याच वेळी पीस तव्यावर जातात. तुमची पहिली आणि दुसरी तक्रार दोन्ही इथेच आली.

तुम्हाला संध्याकाळी वेळ नाही, तर सकाळी पाच मिनिटं काढा. चिकन धुऊन चाळणीत निथळवा आणि स्वच्छ सुती फडक्याने टिपून घ्या. हे टिपणं अजिबात टाळू नका. अर्धा किलोला एक सपाट छोटा चमचा (साधारण ६ ग्रॅम) बारीक मीठ आणि पाव चमचा हळद चोळा. डब्यात घालून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे ओघळ आला तरी दुसऱ्या कशावर पडणार नाही. संध्याकाळपर्यंत मीठ हाडापर्यंत पोचलेलं असतं. तिखट, धणे, गरम मसाला कितीही वेळ लावून ठेवले तरी वरच्या थरातच राहतात, खोलवर जातं ते मीठच. म्हणून आत चव हवी असेल तर ती मिठाने आणायची. मसाला बाहेरच राहणार आहे, तो चांगला भाजला जाईल एवढं बघायचं.

धुण्याबद्दल एक सांगतो. नळाच्या धारेखाली धरलं की कच्च्या चिकनचं पाणी ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर उडतं आणि जंतू सगळीकडे जातात. पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने धुवा, पाणी सावकाश ओता, मग सिंक आणि हात साबणाने धुवा.

आता तवा. अर्धा किलोचे साधारण आठ-नऊ तुकडे होतात. घरातल्या नेहमीच्या तव्यावर एका वेळी चार-पाचच मावतात असं धरा, दोन तुकड्यांत बोटभर जागा हवी. सगळे एकदम टाकले की तवा गार पडतो, सुटलेलं पाणी उडून जायला वाव मिळत नाही आणि पीस त्याच पाण्यात शिजतात.

तवा मोठ्या आचेवर तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळायला हवा. मग दीड मोठा चमचा तेल. तुकडे ठेवताना चर्रर्र आवाज आला पाहिजे आणि तो टिकलाही पाहिजे. आवाज मंदावून बुडबुड सुरू झाली तर समजा पाणी साचलं. दोन तुकडे लगेच उचलून बाजूला काढा. तीन मिनिटं अजिबात हलवू नका. तुकडा तव्याला चिकटलाय असं वाटलं तर ओढू नका, खालची बाजू लाल झाली की तो आपोआप सुटतो. ओढलात तर खरपूस लाल थर तव्यावर राहतो आणि पांढरं मांस हातात येतं. उलटून दुसऱ्या बाजूने आणखी तीन मिनिटं.

सगळे पीस असे लाल झाले की आच मंद करा, सगळे एकत्र तव्यावर घ्या. मसाला लावा: एक मोठा चमचा आलं-लसूण (आठ-दहा पाकळ्या लसूण, इंचभर आलं), दीड छोटा चमचा तिखट, एक चमचा धणेपूड. वर दोन मोठे चमचे पाणी शिंपडा आणि खोलगट झाकण ठेवा. आठ ते दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. मग झाकण काढून आच वाढवा आणि दोन-तीन मिनिटं मसाला तुकड्यांना कोरडा चिकटेपर्यंत परता. गॅस बंद करून अर्धं लिंबू.

---

पाट्यावरचं

खरपूस_कडा यांच्याशी सहमत, फक्त एका जागी थोडं वेगळं मत. आलं-लसूण शेवटी घातलं की दहा मिनिटांत त्याचा कच्चा वास पूर्ण जात नाही, मिक्सरमध्ये पाणी घालून वाटलेलं असेल तर मुळीच नाही. ते पीस लाल झाल्यावर लगेच तव्याच्या मोकळ्या जागेत चमचाभर तेलावर मिनिटभर वेगळं परता, उग्र वास गेला की मग तुकड्यांवर ओढा. तिखट मात्र त्यांनी म्हटलंय तसं नंतरच. तिखट आधीच लावून पीस तापलेल्या तव्यावर टाकले की दुसऱ्या मिनिटाला ठसका लागतो. तो जळलेल्या तिखटाचा असतो, आणि ती कडू चव पुढे कशानेही जात नाही.

अर्ध्या किलोसाठी आलं-लसूण वाटताना पाणी घालूच नका. चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ घालून वाटा किंवा सरळ खलबत्त्यात ठेचा. ठेचलेल्या लसणाचे बारीक कण तुकड्याच्या कडेला लाल होऊन चिकटतात, त्याची लज्जत वाटलेल्या गुळगुळीत लगद्याला येत नाही.

---

ताटावरचं_पाणी

तवा बाजूला ठेवून एक दुसरी पद्धत सुचवते. वाटण नको, वेळ नाही आणि दोन माणसांना भाकरीबरोबर काहीतरी पातळही हवं असेल, तर कोल्हापूरकडे करतात तसं आधी आळणी (तिखट-मसाल्याशिवाय शिजवलेलं चिकन आणि त्याचा रस) काढून घ्या. एकदा शिजवलं की त्यातूनच सूप आणि सुकं दोन्ही होतं.

जाड बुडाच्या पातेल्यात एक मोठा चमचा तेल, त्यात एक मध्यम कांदा बारीक चिरून गुलाबी होईस्तोवर. त्यावर चिकन, अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा आलं-लसूण-कोथिंबिरीचा ठेचा आणि एक सपाट चमचा मीठ (सकाळी मीठ लावलं असेल तर इथे फक्त चिमूटभर). मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं परता. मांसाचा गुलाबी रंग जाऊन ते पांढरं व्हायला लागेल आणि कडेने पाणी सुटायला लागेल. पाणी सुटू नये म्हणून तव्यावर धडपड करायची, इथे तेच पाणी आपल्याला हवंय.

आता आच मंद करून पातेल्यावर ताट ठेवा आणि ताटात दोन वाट्या पाणी ओता. वरच्या पाण्यामुळे ताट गार राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंबाथेंबाने परत चिकनवर पडते, म्हणून बाहेरून पाणी न घालताही बुडाला लागत नाही. ताटातलं पाणी कडेला बारीक वाफाळायला लागलं की आत व्यवस्थित उकळी आहे असं समजा. दहा मिनिटांनी ताट उचलून बघा, अर्धा किलो चिकनला अर्धी-पाऊण वाटी अंगचं पाणी सुटलेलं असतं. सूप हवं असेल तर ताटातलंच गरम पाणी आत ओता. गार पाणी ओतलं तर उकळी मोडते, शिजायचा वेळ वाढतो आणि चवही पातळ होते. एकूण वीस-बावीस मिनिटांत ब्रॉयलर शिजतं. तंगडीच्या टोकाशी मांस हाडावरून मागे सरकलेलं दिसलं की झालं.

वाटीभर रस काढून घ्या, त्यात चिमूटभर मिरपूड आणि लिंबू, झालं सूप. मुलांना आणि आजाऱ्यालाही हेच चालतं. उरलेले पीस दुसऱ्या कढईत दोन मोठे चमचे तापल्या तेलात, दोन छोटे चमचे कांदा-लसूण मसाला घालून, तीन-चार डाव रस टाकत टाकत परता. एकदम सगळा रस ओतू नका. एक डाव आटून कडेला तेल दिसलं की दुसरा. असं तीन वेळा केलं की मसाला तुकड्यांवर गडद बसतो. वाटण घातलं नाही हे खाणाऱ्याला कळतही नाही.

कांदा-लसूण मसाल्यात बहुतेक वेळा मीठ असतं. म्हणून शेवटचं मीठ चव घेतल्यावरच.

---

ओली_हळद

दोन्ही पद्धती छान समजल्या, धन्यवाद. सकाळी मीठ लावून ठेवायचं डोक्यातच आलं नव्हतं. पुढचे दोन-तीन प्रश्न विचारते:

– मीठ सकाळी लावायचं, तर दही-लिंबूसुद्धा सकाळीच लावून ठेवलं तर चालेल का?
– छातीच्या तुकड्यांचं काय करायचं?
– कधी कधी पूर्ण शिजलेल्या तंगडीतही हाडाजवळ लाल-जांभळं दिसतं. ते कच्चं असतं का?

---

चक्का_आणि_लिंबू

दही चालेल, लिंबू नको.

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर तुकड्याच्या बाहेरच्या थरावर जोरात काम करतं. अर्धा तास ठीक. दोन-तीन तासांवर गेलं की वरचा थर पांढरट, भुसभुशीत होतो. तव्यावर तो खरपूस न होता पिठासारखा सुटतो आणि आतलं मांस मात्र तसंच राहतं. दह्याचा आंबटपणा सौम्य असतो, रात्रभर राहिलं तरी बिघडत नाही. पण दही पातळ असेल तर पुन्हा पाण्याचा प्रश्न आलाच. ते फडक्यात बांधून तासभर टांगा, अर्धा किलोला तीन मोठे चमचे चक्का पुरे. दह्यातले पीस तव्यावर टाकण्याआधी जास्तीचं दही बोटाने निपटून काढा आणि शेवटच्या पाच मिनिटांत मंद आचेवर घाला. मोठ्या आचेवर ते फाटतं आणि जळतं.

पपईची कच्ची साल किंवा गर वाटून लावायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसेल. ब्रॉयलरला त्याची गरजच नाही, ते मुळात कोवळं असतं आणि पपईने त्याचा लगदा होतो. गावठी कोंबडीला अर्धा किलोला एक छोटा चमचा, तोही तासभरच. गावठी कोंबडी तव्यावर करूच नका. तिला पातेल्यात पाऊण ते एक तास किंवा कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या लागतात.

---

खरपूस_कडा

छातीच्या मांसात चरबी आणि चिवट धागे कमी असतात. ते साधारण ७० अंशांच्या पुढे गेलं की पाणी सोडत सोडत कोरडं होत जातं. तंगडी आणि मांडीच्या मांसात धागे जास्त, ते उलट जास्त वेळ शिजल्यावरच मऊ लागतं. दोन्ही एकाच वेळी घालून एकाच वेळी काढले तर एकावर अन्याय होणारच. तीन उपाय आहेत, जमेल तो करा.

दुकानात सांगून छातीचे तुकडे मोठे ठेवायला लावा, हाडासकट. करी कट सांगितलं की सगळ्याचे सारख्या मापाचे बारीक तुकडे करतात, गोची तिथेच होते. दुसरं, तव्यावर आधी तंगडी-मांडी टाका, छातीचे तुकडे पाच-सहा मिनिटांनी. आणि पातेल्यात करत असाल तर छातीचे तुकडे दहा-बारा मिनिटांनी बाहेर काढून झाकून ठेवा, शेवटी रसात परत सोडा.

तंगडी आणि मांडीच्या मोठ्या तुकड्यांना दोन्ही बाजूंनी दोन-दोन तिरके काप द्या, सुरी हाडाला टेकेपर्यंत. काप दिल्यावर मीठ-मसाल्याला आत जायला वाट मिळते आणि हाडाजवळचा भाग वेळेत शिजतो. छातीच्या तुकड्यांना काप देऊ नका, तिथून रस वाहून जातो.

लाल-जांभळ्या रंगाबद्दल: ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते, हाडं पूर्ण घट्ट झालेली नसतात. शिजताना हाडातल्या मगजाचा रंग झिरपून आजूबाजूच्या मांसाला लागतो, गोठवलेल्या चिकनमध्ये जास्तच. रंगावरून ठरवू नका. सुरीचं टोक हाडाला लागून खुपसा. मांस सहज सुटतंय आणि निघणारा रस गुलाबी नसून स्वच्छ आहे, तर झालं. मांस चकचकीत, जेलीसारखं, हाडाला घट्ट धरून असेल तर कच्चं. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड जागी, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सिअस.

---

मांडवीकाठ

तिखटाच्या लाल मसाल्याचा कंटाळा आला तर गोव्याचं काफ्रेआल करून बघा. वाटण आहे, पण काही भाजायचं नाही, मिक्सरमध्ये एकदा फिरवलं की झालं. आणि लोखंडी तव्यावरच चांगलं होतं.

चार अखंड लेग पीस (सहाशे-सातशे ग्रॅम) घ्या, खोल काप द्या. वाटणाला: कोवळ्या काड्यांसकट मूठ-दोन मूठ कोथिंबीर, ४ हिरव्या मिरच्या, ८ पाकळ्या लसूण, इंचभर आलं, १० मिरी, ३ लवंगा, इंचभर दालचिनी, अर्धा छोटा चमचा जिरं, पाव चमचा हळद, अर्धा चमचा साखर, सव्वा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा माडाचं व्हिनेगर. ते नसेल तर लिंबू. आख्खा गरम मसाला आधी कोरडाच फिरवून घ्या, मग बाकीचं. नाहीतर लवंगेचा तुकडा दाताखाली येतो. पाणी घालायचं नाही, कोथिंबिरीला पुरेसं पाणी असतं.

आंबट घातलंय, म्हणून तासाभरापेक्षा जास्त नको. सकाळी लावायचं असेल तर व्हिनेगर वगळून सगळं लावा आणि संध्याकाळी तव्यावर टाकायच्या आधी व्हिनेगर चोळा.

तव्यावर टाकताना तुकड्यांवरचं हिरवं वाटण निपटून वाटीत ठेवा. तीन मोठे चमचे तेल, मध्यम आच. मोठी नको, कोथिंबीर काळी पडते. दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं, मग झाकून मंद आचेवर पंधरा ते अठरा मिनिटं, मध्ये दोनदा उलटायचं. झाकण काढून राहिलेलं वाटण वर घाला, दोन-तीन चमचे पाणी. ते कडेने तेल सोडेपर्यंत परता. कच्च्या चिकनला लागलेलं वाटण आहे, ते नीट शिजलंच पाहिजे, वरून चटणीसारखं घालायचं नाही. त्याच तेलात बटाट्याच्या जाड चकत्या परतून घ्या, बरोबर कांदा-लिंबू आणि पोई (गोव्याचा पाव).

---

डबाभर_मसाला

मसाल्यांचं थोडं. घरात जो असेल तो चालतो, पण प्रत्येकाचं वागणं वेगळं.

बेडगी मिरचीचं तिखट रंगाला, तिखटपणा बेताचा. लवंगी नेमकी उलटी. दीड चमचा तिखट म्हणजे एक बेडगी, अर्धा लवंगी असं मिसळलं तर रंगही येतो आणि डोळ्यातून पाणीही येत नाही. मालवणी मसाल्यात धणे, बडीशेप आणि गरम मसाला आधीच भाजून घातलेले असतात. तो घातला तर धणेपूड, गरम मसाला वेगळा नको, अर्धा किलोला दोन छोटे चमचे. तो आधीच भाजलेला असतो म्हणून मोठ्या आचेवर पटकन करपतो, झाकण ठेवतानाच घाला. कांदा-लसूण मसाल्याला मात्र तेलात परतून आणि रसात आटवूनच चव येते. कोरडा भुरभुरवला की तोंडात कचकच लागते. पाकिटातल्या तंदुरी मसाल्यात मीठ आणि आंबटपणा दोन्ही असतात. तो वापरणार असाल तर सकाळचं मीठ अर्ध्यावर आणा आणि लिंबू घालू नका.

काहीच नको असेल तर फक्त मीठ, जाडसर कुटलेली मिरी एक छोटा चमचा, ठेचलेला लसूण आणि शेवटी चमचाभर तूप. सकाळी मीठ लावलेल्या चिकनला एवढंही पुरतं. मिरी मात्र ताजी कुटलेली हवी आणि गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी घालायची.

---

दूरदेशी_भाकरी

परदेशातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. तिकडच्या दुकानांत, त्यातून गोठवलेल्या पाकिटांत, पुष्कळदा मिठाचं पाणी टोचलेलं चिकन असतं. पाकिटावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, ते वाचा. तसं असेल तर अर्धा किलोला पाव ते अर्धाच चमचा मीठ, आणि तव्यावर पाणी जास्त सुटेल हे धरून चला. गोठवलेलं चिकन रात्रभर फ्रीजमध्येच सोडवा, ओट्यावर नाही. त्यातून निघालेलं लालसर पाणी फेकून द्या आणि पीस पुन्हा टिपा.

ओव्हन असेल तर याच सगळ्या मसाल्यांचे पीस २०० अंशांवर, ट्रेमध्ये जाळी ठेवून. करी कट पंचवीस मिनिटं, अखंड लेग पीस पस्तीस ते चाळीस. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर करी कट पंधरा ते अठरा मिनिटं, लेग पीस बावीस ते पंचवीस, अर्ध्यावर उलटून. दोन्हींत वरून तेलाचा हात फिरवायला विसरू नका, नाहीतर मसाला कोरड्या भुकटीसारखा राहतो. तुकडे इथेही एकमेकांना चिकटवून ठेवायचे नाहीत.

---

ओली_हळद

शेवटचा एक. अर्ध्या किलोबरोबर कलेजी-पेटा (कोंबडीचं यकृत आणि जठर) येतं. तेही यातच घालायचं का? आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम केलं की चामट होतं.

---

ताटावरचं_पाणी

दोन्ही वेगळं काढा. पेटा चिवट असतो, तो आळणीत पहिल्यापासून घाला, किंवा वेगळा कुकरला तीन शिट्ट्या. कलेजी उलट, तव्यावर मध्यम आचेवर सहा-सात मिनिटांत होते. आतपर्यंत गुलाबीपणा गेला की लगेच उतरवा, पुढे गेली की खडूसारखी कोरडी, भुसभुशीत लागते. कलेजीला मीठ शेवटी, आधी लावलं तर पाणी सोडून घट्ट होते.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. गरम करताना मोठी आच नको. तव्यावर दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा, मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, तुकडा आतपर्यंत कढत व्हायला हवा. मग झाकण काढून अर्धा चमचा तेल सोडा आणि मिनिटभर परता. पुन्हा पुन्हा सगळंच गरम करू नका, लागेल तेवढंच बाहेर काढा. छातीचे तुकडे उरले असतील तर ते गरम करण्यापेक्षा हाताने उकलून धागे करा, कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून पोळीत गुंडाळा.